राकेल लिबरमन : एका खोट्या लग्नाची फिर्याद

३१ डिसेंबर १९२९. दक्षिण गोलार्धातला ऐन उन्हाळ्याचा दिवस. ब्यूनस आयर्स शहर नव्या वर्षाच्या तयारीत गुंतलेले असताना एकोणतीस वर्षांची एक स्त्री पोलीस अधिकारी हुलिओ आल्सोगाराय यांच्यासमोर आली आणि तिने आपल्या नवऱ्याविरुद्ध फिर्याद नोंदवली. तक्रार वरवर पाहता घरगुती होती. लग्नाचे नाटक करून नवऱ्याने आपली साठवलेली रक्कम लुबाडली, असे तिचे म्हणणे. पण या फिर्यादीचा धागा ओढत गेल्यावर जे बाहेर आले, त्यातून चारशेहून अधिक माणसांवर अटकेचे हुकूम निघाले आणि जवळजवळ पाव शतक उजळ माथ्याने चाललेली एक संघटना कोसळली.

त्या स्त्रीचे नाव राकेल लिबरमन. संघटनेचे नाव झ्वी मिगदाल.

मानवी तस्करीची टोळी, तिच्या मागावरचा करारी पोलीस अधिकारी आणि या दोहोंच्या मध्ये सापडलेली नायिका, या साच्यावरच्या प्रणय-रहस्य कादंबऱ्या आज जगभर खपतात. त्यांत प्रेम नायिकेला सोडवते. राकेलच्या कहाणीत पोलीस अधिकारी आहे, पाठलाग आहे, न्यायालय आहे. पण प्रेम येते ते गळाला लावलेल्या आमिषाच्या रूपात. ही कहाणी समजायची तर आधी तो गळ कुठे आणि कसा तयार झाला, ते पाहायला हवे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अर्जेंटिना हा जगातला एक झपाट्याने श्रीमंत होणारा देश होता. गहू, गोमांस आणि लोकर यांच्या निर्यातीवर ब्यूनस आयर्स फोफावले. इटली आणि स्पेनमधून बोटी भरभरून मजूर येत होते आणि त्यांत एकट्या पुरुषांचा भरणा फार मोठा होता. १८७५ साली शहराच्या नगरपालिकेने वेश्याव्यवसायाला परवाना पद्धतीखाली आणले. कुंटणखान्यांची नोंदणी, स्त्रियांची वैद्यकीय तपासणी, शुल्क, दंड, सारे काही कागदोपत्री होऊ लागले. हेतू रोगनियंत्रणाचा सांगितला गेला. प्रत्यक्षात परवान्याच्या छत्राखाली दलालांना एक सुरक्षित बाजारपेठ मिळाली, आणि तपासणीच्या व परवान्याच्या प्रत्येक पायरीवर लाच घेणारा एक हातही मिळाला.

अटलांटिकच्या दुसऱ्या टोकाला रशियन साम्राज्याच्या पश्चिम पट्ट्यात ज्यू समाज कोंडला गेला होता. कुठे राहायचे, कोणता धंदा करायचा, यांवर बंधने. १८८१ पासून पुन्हा पुन्हा उसळणाऱ्या दंगली. आणि घरोघरी दारिद्र्य. मुलगी उजवायची तर हुंडा लागे. महाराष्ट्रातल्या वाचकाला ही अडचण मुद्दाम समजावून सांगण्याची गरज नाही. अशा घरी एखादा नीटनेटक्या पोशाखातला परगावचा स्थळवाला यायचा. मुलगा दूरच्या अमेरिकेत स्थिरावला आहे, हुंडा नको, उलट प्रवासखर्चही तोच देईल, असे सांगायचा. आईबाप कृतज्ञतेने होकार देत. कधी तो स्वतःच नवरदेव असे, कधी गैरहजर नवरदेवाचा प्रतिनिधी.

लग्नविधी धर्माप्रमाणे होई, पण सरकारी नोंद होत नसे. या बारीकशा फटीत सगळा सापळा मावत होता. धर्माच्या दृष्टीने मुलगी विवाहित ठरे. घटस्फोटाचा धार्मिक कागद नवऱ्याने स्वतःच्या हाताने दिल्याखेरीज तिला पुन्हा लग्न करता येत नसे. कायद्याच्या दृष्टीने मात्र ती कोणाचीच बायको नव्हती, म्हणून पत्नीचा कोणताही हक्क तिला मागता येत नसे. परका देश, परकी भाषा, खिशात दमडी नाही, आणि माहेरी परतण्याची वाट लाजेने बंद. साखळदंडांची गरजच उरत नव्हती. यिडिश साहित्यातला थोर कथाकार शोलेम आलेखेम याने १९०९ साली ‘ब्यूनस आयर्सचा माणूस’ ही कथा लिहिली. तीत आगगाडीत भेटलेला एक गप्पिष्ट धनिक आपल्या भरभराटीची वर्णने करत राहतो, पण आपण व्यापार कशाचा करतो ते काही सांगत नाही. त्या काळच्या वाचकाला ते सांगावेही लागत नव्हते. शहराच्या नावातच ते आले होते.

हाच व्यापार पूर्वेकडेही वाहत होता. १८६९ मध्ये सुवेझ कालवा खुला झाल्यावर पूर्व युरोपातल्या स्त्रिया इस्तंबूल, अलेक्झांड्रिया, पोर्ट सैद या वाटेने मुंबईपर्यंत पोहोचू लागल्या. कामाठीपुऱ्यातल्या कर्सेटजी सुखलाजी मार्गाला ‘सफेद गल्ली’ हे नाव पडले ते त्यांच्यामुळे. मुंबई पोलिसांचे धोरण मोठे सोयीचे होते. युरोपीय स्त्रियांची वस्ती एका गल्लीत आखून ठेवायची, त्यांच्यावर नजर ठेवायची, आणि फारच डोईजड झालेल्या परदेशी दलालाला १८६४ च्या परकीयांविषयीच्या कायद्याने बोटीवर बसवून हाकलून द्यायचे. हाकललेला दलाल दुसऱ्या बंदरात उतरून तोच धंदा करी, ही बाब मुंबईच्या हद्दीबाहेरची मानली जाई. देशी स्त्रियांच्या वाट्याला तर तेवढीही दखल येत नव्हती. १९१७ साली डंकन रोडवरच्या कुंटणखान्यात आकूताई नावाच्या स्त्रीला, ती पळून जाऊ पाहत होती म्हणून, छळ करून ठार मारण्यात आले. हा खटला गाजला तेव्हा कुठे सरकारला जाग आली आणि १९२३ मध्ये मुंबई इलाख्यात वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा झाला.

ब्यूनस आयर्सची गोष्ट मात्र एका बाबतीत निराळी होती. तिथे दलालांनी रीतसर संस्था काढली.

१९०६ साली शहराला लागून असलेल्या आवेयानेदा येथे ‘वार्सोव्हिया परस्पर साहाय्य मंडळ’ या नावाने तिची स्थापना झाली. वार्सोव्हिया म्हणजे वॉर्सा. कागदावर ती स्थलांतरितांच्या अनेक मदत मंडळांसारखीच एक होती: सभासदांची वर्गणी, आजारपणात मदत, मरणानंतर अंत्यविधी. प्रांतिक सरकारने तिला मान्यताही दिली. सभासद होते कुंटणखान्यांचे मालक, मालकिणी आणि दलाल. शहरातल्या कोर्दोबा रस्त्यावर तिची दिमाखदार इमारत उभी राहिली. तिथे बैठका होत, मेजवान्या होत, प्रार्थना होत, आणि आतल्या आत लग्नेही लागत. सभासदांमधले वाद मंडळच मिटवी. एकाच्या ताब्यातली स्त्री दुसऱ्याने पळवली तर निवाडा तिथेच होई. पोलिसांना, आरोग्य खात्यातल्या माणसांना आणि राजकारण्यांना हप्ते पोहोचवण्याची व्यवस्थाही मंडळामार्फतच चाले.

स्वतंत्र स्मशानभूमी आणि स्वतंत्र प्रार्थनागृह मंडळाने का उभारले, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. उत्तर असे की, ब्यूनस आयर्सच्या ज्यू समाजाने या लोकांना वाळीत टाकले होते. त्यांना ‘अशुद्ध’ म्हटले जाई. त्यांचा पैसा सिनागॉगला चालत नसे, त्यांच्या प्रेतांना समाजाच्या दफनभूमीत जागा मिळत नसे. दलालांना यिडिश रंगभूमीचा शौक होता आणि नाटक कंपन्यांना त्यांच्या तिकिटांच्या पैशाचा आधार. त्यामुळे नाट्यगृह हेच भांडणाचे रणांगण झाले. १९२६ साली लाइब मालाख याने या धंद्यावर बेतलेले ‘इबेरगुस’ हे नाटक लिहिले, तेव्हा ते रंगमंचावर आणू न देण्यासाठी दडपण आले. अखेर प्रयोग झाला आणि कित्येक नाट्यगृहांच्या दारावरून दलालांना परत पाठवण्याची मोहीम त्याबरोबरच जोर धरू लागली. ज्यू समाजाच्याच ‘एझ्रास नोशिम’ या संस्थेचे कार्यकर्ते धक्क्यावर जाऊन नव्याने उतरणाऱ्या एकट्या मुलींना गाठत, त्यांना न्यायला आलेल्या ‘नवऱ्या’ची चौकशी करत.

हे तपशील सांगायचे कारण आहे. त्या काळातल्या ज्यूद्वेष्ट्या वृत्तपत्रांनी या व्यापाराचा ठपका सबंध समाजावर ठेवला आणि पुढे युरोपात त्याचे भांडवलही झाले. वास्तविक या बाजारात फ्रेंच दलालांचा दबदबा तितकाच मोठा होता. फ्रेंच पत्रकार आल्बेर लोंद्र १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ब्यूनस आयर्सची वाट’ या पुस्तकासाठी त्यांच्यात मिसळून राहिला होता. शिवाय झ्वी मिगदालच्या बळी ठरलेल्या बहुसंख्य स्त्रिया ज्यूच होत्या, ही गोष्ट या आरोपात सोयीस्करपणे विसरली जाई.

मंडळाचे नाव बदलले तो प्रसंग उपरोधाने भरलेला आहे. पहिल्या महायुद्धानंतर पोलंड स्वतंत्र झाला. आपल्या राजधानीचे नाव कुंटणखाने चालवणाऱ्यांच्या पाटीवर पाहून पोलंडच्या राजदूताने अर्जेंटिनाकडे निषेध नोंदवला. १९२० च्या दशकाच्या अखेरीस ‘वार्सोव्हिया’ची ‘झ्वी मिगदाल’ झाली. एका देशाची प्रतिष्ठा दुखावली तेव्हा पाटी बदलण्याइतकी हालचाल झाली. स्त्रियांच्या दुःखाने तेवढीही झाली नव्हती.

कायदा नव्हता असे नाही. समाजवादी प्रतिनिधी आल्फ्रेदो पालासियोस यांच्या प्रयत्नाने २३ सप्टेंबर १९१३ रोजी स्त्रियांच्या व्यापाराविरुद्ध कायदा संमत झाला होता. लैंगिक शोषण आणि मानवी तस्करीविरोधी आंतरराष्ट्रीय दिन आज २३ सप्टेंबरला पाळला जातो, तो याच कायद्याच्या स्मरणार्थ. अल्पवयीन मुलींना या धंद्यात ढकलणाऱ्यांना त्यात शिक्षा होती. सज्ञान स्त्रीच्या बाबतीत मात्र बळजबरी किंवा फसवणूक सिद्ध करावी लागे. त्यासाठी साक्ष हवी, आणि साक्ष द्यायची ती त्या स्त्रीनेच. परवाना तिच्या नावाचा, नोंदणी तिच्या सहीची. न्यायाधीशापुढे उभे राहून ‘मला फसवले’ म्हणणारी स्त्री संध्याकाळी परतणार कुठे, याची तरतूद कायद्यात नव्हती.

आता राकेल.

तिचा जन्म १९०० साली बर्डिचेव्हमध्ये, म्हणजे आजच्या युक्रेनमध्ये झाला. लहानपणीच कुटुंब पोलंडमध्ये आले. १९१९ मध्ये तिचे लग्न याकोव फेर्बेर या शिंप्याशी झाले. हे लग्न खरे होते. १९२१ मध्ये याकोव नशीब काढायला अर्जेंटिनाला गेला. ब्यूनस आयर्स प्रांतातल्या तापाल्के या लहानशा गावात त्याची बहीण राहत होती. पुढच्या वर्षी राकेल दोन लहान मुलग्यांना घेऊन त्याच्यामागोमाग बोटीने आली. भेट झाली खरी, पण याकोवला क्षयाने गाठले होते. वर्षभराच्या आत तो गेला. स्पॅनिश भाषेची पुरती ओळख नसलेली तेवीस वर्षांची विधवा आणि पदरात दोन पोरे.

मुलांना तापाल्केत एका कुटुंबाच्या हवाली करून ती राजधानीत आली. तिथून तिचे नाव शहराच्या वेश्यांच्या जगात दिसू लागते. ती त्यात कशी ओढली गेली, यातला किती भाग दारिद्र्याचा आणि किती दलालाचा, हे तिने स्वतः निरनिराळ्या प्रसंगी निरनिराळे सांगितले आहे. त्याकडे पुढे यावे लागेल.

राकेलने पैसा साठवला. कमाईतला मोठा वाटा दलालाच्या घशात जात असताना, थोडे थोडे करून. मग एका ओळखीच्या माणसाला खरेदीदार म्हणून पुढे करून तिने स्वतःच्याच पैशाने स्वतःची किंमत मोजली आणि मोकळी झाली. १९२८ च्या सुमारास तिने कायाओ या गजबजलेल्या रस्त्यावर जुन्या कलावस्तूंचे दुकान थाटले. मंडळाच्या दृष्टीने ही फार धोकादायक गोष्ट होती. पैसा बुडाल्याची फारशी फिकीर त्यांना नव्हती. पण एक स्त्री सुटली आणि भर बाजारात दुकान मांडून बसली, तर बाकीच्यांच्या मनात काय येईल?

तेव्हा होसे सालोमोन कोर्न नावाचा एक देखणा गृहस्थ दुकानात येऊ लागला. त्याने सलगी वाढवली, प्रेमाच्या आणाभाका घेतल्या, लग्नाची मागणी घातली. सगळे सोसून बाहेर पडलेल्या, दलालांची प्रत्येक चाल ओळखणाऱ्या त्या स्त्रीने विश्वास टाकला. तिला भाबडी म्हणणे अन्यायाचे ठरेल. आपलेही एक चारचौघांसारखे घर असावे, ही इच्छा माणसाच्या सावधपणाहून जुनी असते. लग्न धर्मविधीने लागले. नंतर कळले की विधीची जागा मंडळाचीच, माणसे मंडळाचीच आणि नवरदेवही मंडळाचाच. कोर्नने तिची पुंजी हडप केली आणि तिला पुन्हा धंद्यावर बसवायचा प्रयत्न चालवला. ज्या खोट्या लग्नाच्या जाळ्यात पोलंडच्या खेड्यांतल्या अजाण मुली सापडत, तेच जाळे एका जाणत्या स्त्रीला परत ओढण्यासाठी टाकले गेले होते.

तिने आधी मंडळाच्या वरिष्ठांकडेच दाद मागितली. पैसे परत मिळाले नाहीत. धमक्या मात्र वाढल्या. मगच ती आल्सोगाराय यांच्याकडे गेली.

हुलिओ आल्सोगाराय हा अधिकारी या टोळीच्या मागे बरीच वर्षे होता. त्याच्या हाताखालच्या आणि शेजारच्या खुर्च्यांवर मंडळाकडून पगार घेणारी माणसे बसलेली असल्याने त्याचा प्रत्येक छापा रिकामा जाई. त्याला हवी होती एक साक्षीदार, जी दुसऱ्या दिवशी शब्द फिरवणार नाही. कादंबरीकाराने इथे दोघांमध्ये काहीतरी फुलवले असते. प्रत्यक्षात दोघांचे नाते फिर्यादी आणि तपास अधिकाऱ्याचे राहिले, आणि ते पुरेसे होते. पुढे १९३३ मध्ये आल्सोगारायने या साऱ्या लढ्यावर पुस्तक लिहिले. त्यात त्याने आपल्याच खात्यातल्या भ्रष्टाचारावर झाकण घातले नाही.

प्रकरण न्यायाधीश मान्वेल रोद्रिगेस ओकांपो यांच्यापुढे आले. हा माणूस लाच न घेणारा म्हणून ओळखला जाई. त्याने खटल्याची मांडणीच बदलली. प्रत्येक दलालाने प्रत्येक स्त्रीला कसे फसवले, हे एकेक सिद्ध करत बसण्याऐवजी ही सबंध संस्थाच गुन्हा करण्यासाठी काढलेली बेकायदा टोळी आहे, हे सिद्ध करायचे त्याने ठरवले. त्यासाठी मंडळाचे स्वतःचे दप्तर उपयोगी पडले: सभासदांच्या याद्या, वर्गण्या, हिशेब. सदाचाराचा देखावा नीट वठावा म्हणून जपलेली टापटीप आता पुरावा ठरू लागली. मे १९३० मध्ये छापे पडले. बातमी अर्थातच आधी फुटली होती. कित्येक म्होरके नदीपलीकडे उरुग्वेत किंवा ब्राझीलमध्ये पसार झाले. तरीही १०८ जण हाती लागले.

६ सप्टेंबर १९३० रोजी जनरल उरिबुरूने लष्करी उठाव करून अर्जेंटिनाचे लोकनियुक्त सरकार उलथले. त्याच महिन्याच्या अखेरीस रोद्रिगेस ओकांपोने पकडलेल्यांना कोठडीत ठेवण्याचा आणि फरारींना पकडण्याचा आदेश दिला. वृत्तपत्रांनी रकानेच्या रकाने भरले. राकेलचे नाव घरोघरी पोहोचले.

जानेवारी १९३१ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने मोजके आरोपी वगळता बाकी सर्वांना सोडून दिले. कारण तेच जुने: पुरावा अपुरा. संस्थेचा सभासद असणे म्हणजे गुन्हा करणे नव्हे, असा तो तर्क. राकेलच्या पाठोपाठ इतर स्त्रिया पुढे येतील ही अपेक्षा फोल ठरली होती. कायद्याच्या काट्यावर पाहिले तर टोळी सुटली.

पण झ्वी मिगदाल पुन्हा उभी राहिली नाही. संस्थेची मान्यता गेली होती, याद्या उघड झाल्या होती, लाच घेणाऱ्यांना आता त्या नावाजवळ दिसणे परवडत नव्हते. सुटलेल्यांपैकी अनेकांनी देश सोडला. १९३६ च्या डिसेंबरमध्ये झालेल्या कायद्याने परवान्याचे कुंटणखाने सबंध देशात बंद करण्यात आले. ही बंदी मुख्यतः गुप्तरोगांच्या प्रतिबंधासाठी होती, आणि तिने व्यवसाय संपला नाही, भूमिगत झाला. तरी सरकारी शिक्क्याखालचा तो साठ वर्षांचा बाजार उठला एवढे खरे.

राकेलने हे पाहिले नाही. ७ एप्रिल १९३५ रोजी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ब्यूनस आयर्समधल्या रुग्णालयात कर्करोगाने तिचा मृत्यू झाला.

त्यानंतर कित्येक दशके तिची जी कहाणी सांगितली जात होती, ती अगदी साच्यात बसणारी होती: पोलंडहून लग्नाच्या आमिषाने आणलेली एकटी, निष्पाप तरुणी. न्यायालयाच्या कागदांवरूनही तसेच वाटे. मग तिच्या नातवंडांनी जपून ठेवलेले कागद संशोधकांच्या हाती आले आणि नोरा ग्लिकमन यांचे पुस्तक २००० साली प्रसिद्ध झाले. त्यात याकोव आणि राकेल यांची यिडिश भाषेतली पत्रे होती, छायाचित्रे होती, प्रवासाचे दाखले होते. याकोव होता. तापाल्के होते. दोन मुलगे होते.

पोलिसांपुढे आणि न्यायाधीशापुढे तिने यातले काहीच येऊ दिले नव्हते. आपण कधी आलो, कोणाबरोबर आलो, हेही तिने वेगळेच सांगितले. ज्या माणसांनी तिला धमकावले होते, त्यांतले बरेचसे त्या वेळी मोकळे फिरत होते, आणि खटल्याची बातमी तर दररोज छापून येत होती. संपूर्ण संघटनेची नावे सांगणाऱ्या त्या जबानीत दोन नावे कुठेच नाहीत: थोरल्याचे आणि धाकट्याचे.